वाटेतले काम : व्हाइस ॲडमिरल वॉटसन आणि विजयदुर्ग

माझा भाचा नोकरीनिमित्त लंडनला असतो. इतिहासाशी त्याचा संबंध दहावीच्या परीक्षेत सुटला, पण मामाला काय आवडते हे त्याला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तो वेस्टमिन्स्टर ॲबे पाहायला गेला आणि तिथून त्याने मला एका संगमरवरी स्मारकाचा फोटो पाठवला. खाली एवढेच लिहिले होते : ‘मामा, घेरिया म्हणजे आपलेच ना?’

आपलेच. घेरिया म्हणजे विजयदुर्ग. शेजारच्या गिर्ये गावाच्या नावावरून इंग्रजांनी किल्ल्याला हे नाव दिले आणि जिभेला वळेल तसे ते लिहिले. स्मारकातला माणूस रोमन पद्धतीचा झगा पांघरून उभा आहे. त्याच्या हातात विजयाची खूण म्हणून ताडाची डहाळी आहे. एका बाजूला गुडघे टेकलेली बाई, तिला कलकत्ता समजायचे. दुसऱ्या बाजूला साखळदंडातला कैदी, तो चंद्रनगर. कोरलेल्या मजकुरात तीन विजय आहेत आणि त्यांत पहिले नाव घेरियाचे आहे, १३ फेब्रुवारी १७५६ या तारखेसह. माणसाचे नाव चार्ल्स वॉटसन, ब्रिटिश राजाच्या आरमारातला व्हाइस ॲडमिरल.

फोटो पाहिला आणि मला थोडी लाज वाटली. विजयदुर्गाच्या पाडावावर मराठीत जे काही छापले गेले आहे, त्यातले बरेचसे मी वाचले आहे. वॉटसन हे नाव त्यात शेकडो वेळा येते. पण हा माणूस कोण, कुठून आला, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत कोकणच्या किनाऱ्यावर नेमके काय करत होता, हे मी स्वतःला कधी विचारले नव्हते. आपला वाद घरातलाच असतो. नानासाहेब पेशव्यांनी स्वतःचेच आरमार परक्याच्या हातून बुडवले की तुळाजी आंग्र्यांनी स्वतःवर ही वेळ ओढवून घेतली, या दोन टोकांत आपण शंभर वर्षे झोके घेतो आहोत. ज्याने तोफा डागल्या तो मात्र वादाच्या बाहेर, जणू वादळ किंवा भरती-ओहोटी असावी तसा.

मी इंदिरानगरात राहतो, पेशाने इतिहासकार नाही. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, मुंबईची एशियाटिक आणि आता संगणकावर मिळणारी जुनी इंग्रजी पुस्तके यांच्या जोरावर जे जुळवता आले ते इथे मांडतो आहे.

वॉटसनचा जन्म १७१४ चा. वडील धर्मोपदेशक होते, वेस्टमिन्स्टर ॲबेतच मानाच्या पदावर. म्हणजे पुतळा उभा राहिला तो वडिलांच्या चर्चमध्ये. पण पोराच्या कामी आले ते वडिलांचे चर्च नव्हे, दुसरेच नाते. सर चार्ल्स वेजर हा मोठा ॲडमिरल त्यांच्या नात्यात होता, आणि पुढे तो आरमार खात्याचा प्रमुखच झाला. १७२८ मध्ये, चौदाव्या वर्षी, वॉटसन ‘रोमनी’ जहाजावर रुजू झाला. दहा वर्षांत, चोविसाव्या वर्षी, तो ‘गार्लंड’ या फ्रिगेटचा कॅप्टन होता. ही बढती वेजरनेच दिली.

वशिला तर होताच. पण इंग्रजी आरमारातला वशिला कुठपर्यंत चालायचा, हे समजून घेण्यासारखे आहे. नात्यातला माणूस तुम्हाला जहाजावर चढवू शकत होता, कॅप्टनही करू शकत होता. एकदा कॅप्टनांच्या यादीत नाव लागले, की पुढचा क्रम ज्येष्ठतेचा. वरचे मरतील किंवा निवृत्त होतील तसतसे नाव वर सरकायचे. मात्र लढाईत कच खाल्ली, तर चौकशी होऊन माणूस यादीतूनच जायचा, मग मामा कोणीही असो.

वॉटसनने ते जवळून पाहिले. फेब्रुवारी १७४४ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तूलाँजवळ फ्रेंच-स्पॅनिश आरमाराशी लढाई झाली. तिचा इंग्रजांनी विचका केला. अर्धे जहाजकप्तान पुढे गेलेच नाहीत. नंतर झालेल्या लष्करी खटल्यांत मुख्य ॲडमिरल मॅथ्यूजला सेवेतून काढून टाकले आणि कित्येक कॅप्टनांच्या नोकऱ्या गेल्या. ‘ड्रॅगन’चा कॅप्टन वॉटसन त्यातून स्वच्छ बाहेर आला. पुढे १७४७ मध्ये फिनिस्टेअरच्या दोन्ही लढायांत, मे महिन्यात अॅन्सनच्या आणि ऑक्टोबरात हॉकच्या हाताखाली, तो ‘प्रिन्सेस लुइसा’वर होता. १७४८ मध्ये न्यूफाउंडलंड आणि उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याची जबाबदारी त्याला मिळाली आणि त्याच वर्षी, चौतिसाव्या वर्षी, तो रिअर ॲडमिरल झाला.

या नोंदी कोरड्या वाटतील. पण त्याच वर्षांत आंग्र्यांच्या घरात काय चालले होते ते आठवून पाहावे. १७२९ मध्ये कान्होजी गेले. वॉटसन जहाजावर चढला त्याच्या पुढच्याच वर्षी. मग सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी या मुलांत वारशाचा झगडा लागला, कुलाबा एकाकडे आणि विजयदुर्ग दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली. एका घरावर, एका माणसाच्या अंगच्या धमकीवर आमचे आरमार उभे होते. तुळाजी शूर होते, दर्यावर्दी म्हणून वॉटसनपेक्षा कमी नव्हते, असेच मला वाटते. पण ते गेले की त्यांच्या जागी कोण, याची यादी कुठे टांगलेली नव्हती. मानाजी तर पेशव्यांच्या बाजूने उभे राहिले.

आता मुख्य प्रश्न. वॉटसन हिंदुस्थानात आला कशाला?

तुळाजींसाठी नव्हे. १७५४ च्या सुरुवातीला त्याला ‘ईस्ट इंडीज’चे आरमार देऊन पाठवले ते फ्रेंचांसाठी. मद्रासकडे डुप्लेने उभा केलेला फ्रेंच पसारा कंपनीला जड जात होता. म्हणून राजाची लढाऊ जहाजे आणि राजाची एक पलटण, एकोणचाळिसावी, तिकडे निघाली. पण वॉटसन पोहोचेपर्यंत वारे फिरले होते. पॅरिसने डुप्लेला परत बोलावले आणि नव्या फ्रेंच गव्हर्नरने मद्रासशी तह केला. लढायला आलेल्या ॲडमिरलला लढाईच उरली नाही. ७० तोफांचे ‘केंट’, ६६ तोफांचे ‘कंबरलँड’, ६० चे ‘टायगर’, ५० चे ‘सॉल्झबरी’, एवढा ऐवज समुद्रात रिकामा हिंडत होता.

जहाज रिकामे हिंडत असले तरी त्याचा तळ रिकामा राहत नाही. उष्ण समुद्रात लाकडाला किडे लागतात, शिंपले चिकटतात, चाल मंदावते. ते खरवडायला जहाज पाण्याबाहेर कोरडे उभे करावे लागते. त्या काळी या किनाऱ्यावर ते करण्याजोगी पक्की गोदी मुंबईतच होती. लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती १७५० मध्ये बांधून झाली होती. म्हणून नोव्हेंबर १७५५ मध्ये वॉटसन मुंबईला आला. विजयदुर्गाच्या इतिहासात या गोदीचा उल्लेख मला क्वचितच दिसला. पण गोदी नसती तर ती चार मोठी जहाजे त्या हंगामात आपल्या किनाऱ्यावर असण्याचे फारसे कारण नव्हते.

त्याच सुमारास आणखी एक माणूस मुंबईत काम नसल्याने बसून होता : लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट क्लाइव्ह. दख्खनमध्ये बुसीच्या फ्रेंच फौजेवर पेशव्यांच्या मदतीने चाल करायची, अशा बेताने तो विलायतेहून आला होता. तहामुळे तो बेतही बारगळला.

इथे थोडे मागे जायला हवे. नानासाहेबांनी इंग्रजांशी करार केला तो मार्च १७५५ मध्ये. पेशव्यांकडून कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव आणि इंग्रजांकडून मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्शियर. समुद्रावरची कामगिरी इंग्रजांच्या हुकमतीखाली, मोबदल्यात बाणकोट आणि पाच गावे इंग्रजांना. पण इंग्रजांनी करायचे काय होते? सुवर्णदुर्ग, अंजनवेल, जयगड या ठाण्यांना समुद्रातून रसद पोहोचू द्यायची नाही, एवढेच. किल्ले घ्यायचे काम जमिनीवरून मराठी फौजेचे. आणि या करारातले आरमार म्हणजे कंपनीचे मुंबईतले छोटे दल, राजाचे नव्हे. वॉटसन त्या वेळी हिंदुस्थानच्या दुसऱ्या किनाऱ्यावर होता.

कंपनीच्या दलाचा कमोडोर विल्यम जेम्स हा वेल्समधला, गिरणीवाल्याचा मुलगा म्हणतात, लहानपणीच समुद्रावर गेलेला. त्याने रसद अडवण्यावर समाधान मानले नाही. ‘प्रोटेक्टर’ जहाज घेऊन तो २२ मार्चला मुंबईहून निघाला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुवर्णदुर्गावर तोफा लावून किल्ला घेऊन बसला. किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले, त्याची मदत झाली. लगेच बाणकोटही हाती आले. पावसाळा तोंडावर आला तेव्हा काम थांबले. नानासाहेबांनी बोलावलेले इंग्रज हे एवढे होते.

पावसाळ्यानंतर मात्र मुंबईत राजाचा ॲडमिरल आपल्या चार मोठ्या जहाजांसह आणि क्लाइव्ह आपल्या शिपायांसह हजर होता. दोघांनाही काम नव्हते. मुंबईच्या कौन्सिलने त्यांच्यासमोर घेरिया ठेवला. वॉटसनने डिसेंबरात जेम्सला टेहळणीला पाठवले. वाघोटणच्या खाडीत पाणी किती खोल, मोठी जहाजे किल्ल्याला किती भिडू शकतील, हे मोजून जेम्स परत आला. किल्ल्याचा दबदबा आहे तेवढा तो अवघड नाही, असा त्याचा निर्वाळा होता.

मला वाटते, सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. पेशव्यांनी एका मुलाशी भांडायला शेजाऱ्याचा कारकून बोलावला आणि दारात उभा राहिला तो शेजाऱ्याचा पहिलवान. तोही दुसऱ्याच कुस्तीसाठी आलेला, मध्ये वेळ होता म्हणून. नानासाहेबांची चूक मी नाकारत नाही. पण आपण ज्याला मराठी आरमाराचा अंत म्हणतो, ते वॉटसनच्या हिशेबात दोन कामांच्या मधले वाटेतले काम होते.

वाटेतले असले तरी फायद्याचे. निघण्यापूर्वी मुंबईत ॲडमिरल आणि अधिकारी बसले आणि न घेतलेल्या किल्ल्यातली लूट कशी वाटायची हे त्यांनी ठरवले. ॲडमिरलांचा आठवा हिस्सा, त्याचे दोन भाग वॉटसनला आणि एक त्याच्या हाताखालच्या रिअर ॲडमिरल पोकॉकला, मग कॅप्टन, मग त्यांच्या खालचे. क्लाइव्हला जहाजाच्या कॅप्टनाइतकाच वाटा येत होता, त्यावरून लष्करी अधिकारी रागावले. वॉटसन म्हणाला, कमी पडेल ते मी माझ्या हिश्श्यातून देतो. पुढे त्याने खरोखरच सुमारे हजार पौंड पाठवले आणि क्लाइव्हने ते घेतले नाहीत. इंग्रजी चरित्रकार हा प्रसंग दोघांच्या दिलदारपणाचा म्हणून रंगवून सांगतात. दिलदारपणा असेलही. पण त्या यादीत दोस्त म्हणून बरोबर असलेल्या मराठ्यांचा वाटा कुठे होता? कुठेच नाही.

७ फेब्रुवारी १७५६ ला आरमार मुंबईहून निघाले आणि ११ च्या सुमारास विजयदुर्गासमोर आले. तिकडे तुळाजी किल्ल्यात नव्हते. किल्ला नातलगाच्या हवाली करून ते बोलणी करायला रामाजीपंतांच्या गोटात गेले होते. किल्ला मराठ्यांच्या हाती शांतपणे जावा, अशी ती बोलणी होती. पेशव्यांच्या दृष्टीने याहून चांगले काही नव्हते. आरमार शाबूत, किल्ला शाबूत, भाऊबंदकी मिटलेली. वॉटसनच्या दृष्टीने याहून वाईट काही नव्हते, कारण किल्ला बोलण्यातून गेला तर लूट नाही. त्याने किल्ला ताब्यात द्या असा निरोप धाडला, टोलवाटोलवीची उत्तरे आली, आणि १२ तारखेला दुपारी जहाजे दोन रांगांत खाडीत शिरली. आतल्या रांगेत किल्ल्याला भिडलेली मोठी जहाजे होती. बाहेरच्या रांगेतली जहाजे खाडीतल्या आंग्र्यांच्या गलबतांवर मारा करणार होती.

यानंतरचे तास कोणाही मराठी माणसाला वाचवत नाहीत. उखळी तोफेचा एक गोळा ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे मूळचे कंपनीचेच जहाज, पूर्वी आंग्र्यांनी पकडलेले. त्याने पेट घेतला. गुराबा आणि गलबते एकमेकांना लागून बांधलेली होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचे जवळजवळ सगळे आरमार, बांधणीच्या ओंडक्यांवर असलेल्या अर्धवट जहाजांसकट, जळून गेले. समुद्रावर एकही लढाई झाली नाही. विसेक वर्षे मुंबईच्या व्यापाऱ्यांची झोप उडवणारी ती गलबते नांगरावरच राख झाली.

त्या रात्री क्लाइव्ह शिपाई घेऊन किनाऱ्यावर उतरला. किल्ल्याला वेढा घालायला, असे आपण समजतो. मुख्य कारण वेगळे होते. किल्ला आणि मराठी फौज यांच्या मध्ये जाऊन बसायचे, म्हणजे रामाजीपंतांची माणसे इंग्रजांच्या आधी आत शिरणार नाहीत. दोस्तांना अडवायला रचलेला तो मोर्चा होता. १३ ला दिवसभर मारा चालला, किल्ल्यातले दारूचे कोठार उडाले आणि संध्याकाळी किल्ल्याने हात टेकले. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून वीसच्या आसपास. हाती आले ते सुमारे दहा लाख रुपये आणि दोनशेहून अधिक तोफा. मुंबईत ठरलेल्या यादीप्रमाणे रोख रकमेची वाटणी झाली.

‘केंट’ जहाजावर एडवर्ड इव्हज नावाचा शल्यवैद्य होता. त्याने या सफरीचे मोठे पुस्तक लिहिले, ते १७७३ मध्ये छापले गेले. त्यात एक प्रसंग आहे. किल्ला घेतल्यावर वॉटसन तुळाजींच्या कुटुंबाला भेटायला गेला. आई, बायका, मुले, सगळी कैदेत. म्हातारी आई त्याला म्हणाली की, आता प्रजेला राजा नाही, मला मुलगा नाही, सुनांना नवरा नाही, नातवंडांना बाप नाही. ॲडमिरलने त्यांना धीर दिला, मलाच तुमचा बाप आणि मित्र समजा, असे सांगितले. तेव्हा सहाएक वर्षांच्या पोराने त्याचा हात धरला आणि म्हणाला, मग तूच माझा बाप. वॉटसनचे डोळे भरून आले, असे इव्हज लिहितो.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला. इव्हज आपल्या ॲडमिरलचा भक्त होता, हे धरूनही तो सगळा बनाव वाटत नाही. वॉटसन क्रूर नव्हता. कुटुंबाला लष्करी पहाऱ्यात पण मानाने ठेवले गेले, लुटारूंच्या हाती पडू दिले नाही. आणि त्याच माणसाने मुंबईत बसून त्या मुलाच्या घरातल्या पैशाचे आठवे हिस्से मोजले होते. या दोन गोष्टी त्याच्या मनात एकमेकींना खटकल्या असतील असे त्याच्या वागण्यात कुठे दिसत नाही. आपल्याला खटकतात, कारण तो आपल्या घरात शिरला होता.

नानासाहेबांना घेरिया लगेच मिळाला नाही. किल्ला द्यायचा की ठेवून घ्यायचा, यावर मुंबईकर कौन्सिल महिनोन् महिने टाळाटाळ करत राहिले. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्यात नवा तह झाला, त्यात बाणकोट आणि आणखी गावे इंग्रजांकडे पक्की झाली, डच व्यापाराला मराठी मुलखात बंदी झाली, आणि घेरिया परत द्यायचे ठरले. लुटीतला पैसा अर्थात परत आला नाही. (नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई उतारवयात आमच्या नाशिकजवळच्या गंगापूरला येऊन राहिल्या आणि त्यांचा शेवटही नाशिकलाच झाला. गोदेच्या काठाने तिकडे फिरायला जातो तेव्हा वाटते, पुण्यात त्या महिन्यांत काय बोलणे होत असेल, ते त्यांनी ऐकले असणार.)

हा तह होत होता तेव्हा वॉटसन कोकणापासून फार दूर गेला होता. एप्रिलमध्येच त्याने मुंबई सोडली होती. जूनमध्ये त्याला व्हाइस ॲडमिरलचा दर्जा मिळाला, त्याच महिन्यात सिराजउद्दौलाने कलकत्ता घेतले. ऑगस्टमध्ये ती बातमी मद्रासला पोहोचली आणि ऑक्टोबरात वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालकडे निघाले. जहाजे कोणती? केंट, कंबरलँड, टायगर, सॉल्झबरी. विजयदुर्गाच्या खाडीतलीच. ॲडमिरल तोच, पोकॉक तोच, कर्नल तोच, इव्हजही तोच. आठ महिन्यांपूर्वी आरमार आणि पायदळ यांनी किल्ला एकत्र कसा घ्यायचा, लुटीवरून भांडण कसे आधीच मिटवायचे, याची एक फेरी त्यांनी आमच्याकडे पुरी केली होती.

२ जानेवारी १७५७ ला कलकत्ता परत हाती आले. तिथे मात्र दोघांचे बिनसले. किल्ल्यावर हुकूम राजाच्या अधिकाऱ्याचा की कंपनीच्या? वॉटसनने राजाच्या पलटणीतल्या कॅप्टन आयर कूटला किल्ल्यावर नेमले, क्लाइव्हने ते मानायला नकार दिला, आणि वॉटसनने प्रसंगी क्लाइव्हवरच तोफा चालवण्याची धमकी दिली. मध्यस्थांनी मिटवले. मार्चमध्ये फ्रेंचांचे चंद्रनगर पडले, त्यात खरे काम जहाजांच्या तोफांचे होते आणि त्यांची हानीही मोठी झाली. हे काम वॉटसनचे, ज्यासाठी तो तीन वर्षांपूर्वी निघाला होता.

मग पलाशीचा कट. मीर जाफरशी बोलणी करणारा सावकार अमीचंद, त्याने मोठी रक्कम मागितली, नाही तर नबाबाला सांगेन म्हणाला. क्लाइव्हने दोन तहनामे बनवले. पांढऱ्या कागदावरचा खरा, तांबड्या कागदावरचा खोटा, अमीचंदाला दाखवण्यापुरता. खोट्यावर सही करायला वॉटसनने नकार दिला. तेव्हा क्लाइव्हच्या सांगण्यावरून लशिंग्टन नावाच्या माणसाने वॉटसनची सही ठोकली. पुढे पार्लमेंटच्या चौकशीत क्लाइव्हने हे लपवलेही नाही. खोटे असले तरी असे पुन्हा करीन, असाच त्याचा सूर होता.

या एका नकारामुळे वॉटसनला इंग्रजी इतिहासात सज्जन माणसाची जागा मिळाली. मला तो नकार खरा वाटतो. पण तो कागदावरच्या सहीपुरता होता, कटापुरता नव्हता. खऱ्या तहनाम्यावर त्याची सही आहे.

२३ जूनला पलाशीची लढाई झाली. १६ ऑगस्ट १७५७ रोजी वॉटसन कलकत्त्यात तापाने वारला. वय त्रेचाळीस. इव्हज तेव्हा बंगालमध्येच होता. दुसऱ्या दिवशी ॲडमिरलला सेंट जॉन चर्चच्या आवारात पुरले. तिथेच जॉब चार्नकचीही कबर आहे. वेस्टमिन्स्टरचे स्मारक ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशांतून झाले. राजाच्या ॲडमिरलला कंपनीने दिलेला हा मान आहे, आणि कंपनी उगाच पैसे खर्च करणारी नव्हती. मुलाला बॅरोनेट हा किताब मिळाला.

विल्यम जेम्स मात्र जगला. हिंदुस्थानातून पैसा घेऊन परतला, पार्लमेंटात गेला, कंपनीचा अध्यक्ष झाला. १७८३ मध्ये तो वारल्यावर त्याच्या विधवेने लंडनच्या शूटर्स हिल टेकडीवर त्रिकोणी बुरूज बांधला, आणि त्याला नाव दिले सेव्हर्नड्रूग, म्हणजे सुवर्णदुर्ग. तो आजही उभा आहे, वर जाऊन लंडन पाहता येते.

आता आपल्या बाजूचे राहिलेले. परत मिळालेल्या विजयदुर्गावर पेशव्यांनी आपले आरमार पुन्हा उभे केले. धुळपांच्या हाती ते पुढे वाढले. १७८३ च्या एप्रिलात आनंदराव धुळपांनी मुंबईचे ‘रेंजर’ हे जहाज याच किनाऱ्यावर पकडून विजयदुर्गात आणले. तेव्हा ‘१७५६ ला मराठी आरमार संपले’ हे वाक्य मी आता लिहीत नाही. संपले ते आंग्र्यांचे आरमार, घराण्याचे, एका माणसाच्या हिमतीवरचे. जे उरले ते चांगले लढत होते, पण ते किनाऱ्याचे झाले होते. वॉटसनच्या जहाजांसारखी जहाजे बांधायची आणि त्यांच्यासारखी कॅप्टनांची यादी ठेवायची, हे कोणाच्या मनात आले नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा विजयदुर्गाला गेलो. वाटाड्याने साहेबाचे ओटे दाखवले, १८६८ च्या सूर्यग्रहणाची हकिकत बरीच रंगवून सांगितली. मी त्याला विचारले, इंग्रजांची जहाजे कुठून आत आली? त्याने खाडीच्या तोंडाकडे हात केला आणि म्हणाला, ‘इथूनच. पण आत आली ती तुळाजी नव्हते म्हणून.’

तुळाजी तेव्हा रामाजीपंतांच्या गोटात होते आणि नंतर कधीच सुटले नाहीत. उरलेले आयुष्य ते पेशव्यांच्या वेगवेगळ्या किल्ल्यांवर कैदेत होते. वॉटसनला कलकत्त्यात मातीआड केले त्या दिवशीही, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे.